फुजैरात साखर उतरवण्याची शर्यत

साखर मोजायच्या यंत्रावर आकडा आला आणि खोलीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या मुलाच्या, युनूसच्या, बोटाला सिस्टरने सुई टोचून अर्धं मिनिटही झालं नव्हतं. त्याचा खोलीतला सोबती रफीक तिच्या खांद्यावरून यंत्रात डोकावत होता. "अडतीस!" तो ओरडला. "खलास! जिंकलो! खाडीपलीकडल्यांचा बापसुद्धा एवढा खाली येणार नाही." मीही टाळ्या वाजवल्या. शंभराच्या वर आकडा वाईट, एवढंच मला माहीत होतं. मग अडतीस म्हणजे फारच चांगला.

युनूस हसला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, पंखा चालू असताना. "मा, बघ," असं म्हणून तो उठायला गेला आणि उभाच्या उभा कोसळला. डोकं लोखंडी पलंगाच्या पायावर आपटलं.

टाळी वाजवली नव्हती ती फक्त माझ्या नातीने, सनाने. ही शर्यत तिनेच भरवली होती. ती किंचाळली, "साखर आणा! कुणीतरी साखर आणा!"

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. तिथे हमीद होता. हमीद आमच्या गावचा, माझ्या घराला लागून त्याचं घर. त्या खोलीचा स्वयंपाक तोच करायचा. "हमीद, साखर आण!" उत्तर नाही. "अरे हमीद!" उत्तर नाही. "बहिरा झालास काय रे मेल्या?"

रफीक आत धावला. डबे आपटल्याचे आवाज आले आणि तो रिकाम्या हाताने परत आला. "चाची, घरात साखर नाही. तुम्हीच तर काढायला लावलीत."

खरं होतं. एका महिन्यापूर्वी त्याच खोलीत उभी राहून मी साखर, गूळ, सरबताच्या बाटल्या, खजूरसुद्धा पिशव्यांत भरून खाली पाठवले होते.

अल मनखूल

मी तिथे का गेले ते आता सांगते. आमच्या गावात घरटी एक माणूस आखातात आहे, पण बायका क्वचित जातात, म्हाताऱ्या तर नाहीच. परत आल्यापासून जी ती विचारते, कसं आहे तिथे. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

माझा थोरला मुलगा दुबईत अल मनखूलला राहतो. नोकरी अबुधाबीत. अंधारात निघतो, अंधारात येतो. त्याच्या इमारतीतून खाली उतरलं की वाण्याचं दुकान, केरळी न्हावी, डोसेवाला, आणि संध्याकाळी बाकांवर बसलेल्या आपल्याकडच्या बायका. पहिल्या दिवशी मला वाटलं, विमानात बसून मी चिपळूणच्या बाजारातच आले. फरक एवढाच की इथे कुणी रस्त्यात थुंकत नाही, आणि कुणी कुणाच्या दारात न विचारता जात नाही. माझी सून शेजारणीला आठ वर्षं ओळखते आणि तिच्या घरात किती खोल्या आहेत ते तिला माहीत नाही. याला तिथे चांगली वागणूक म्हणतात.

तिसऱ्या दिवशी मी गावाहून नेलेले सुके बांगडे गॅसवर भाजले. छताला वाटीएवढं काहीतरी चिकटवलेलं होतं, ते केकाटायला लागलं. अख्ख्या मजल्याची दारं उघडली. पठाण वॉचमन धावत आला, नाक दाबून म्हणाला, "अम्मा, अंदर कुछ मर गया क्या?" सुनेला लाजेने जमीन दुभंगावी असं झालं. मी वॉचमनला एक बांगडा भाकरीवर ठेवून दिला. त्याने उभ्या उभ्या खाल्ला आणि दुसरा मागितला.

वॉचमनने बांगडा कसा मागून खाल्ला ते पाहूनच सनाने मला कामाला लावलं. सना माझ्या थोरल्याची मुलगी, तिथेच वाढलेली. मी मराठीत बोलते, ती अर्ध्या इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं भांडण मात्र व्यवस्थित होतं. ती एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. तिकडे एकट्याने राहणाऱ्या आपल्या पुरुषांना साखर, रक्तदाब, पोट, हृदय, सगळं लागलेलं असतं. त्यांच्यासाठी नीट राहण्या-खाण्याचा कार्यक्रम बसवायचं काम तिच्याकडे होतं. पहिला कार्यक्रम तिने करून पाहिला होता. रंगीत पुस्तक, त्यात ओट्स, पालापाचोळा, ऑलिव्हचं तेल. सोबत रेघा आखलेली एकेक ताटली: अर्ध्या भागात भाजी, पाव भागात भात. पहिल्या बैठकीला पन्नास माणसं आली, कारण टीशर्ट फुकट होता. दुसरीला चार आली.

"दादी, अमेरिकेत साउथकडून आलेल्या लॅटिनो पुरुषांसाठी असे प्रोग्रॅम करतात," ती म्हणाली. "त्यांचीच भाषा, त्यांचंच जेवण, त्यांचा फुटबॉल, त्यांची फॅमिली. आमच्या दवाखान्याच्या मॅडम म्हणतात, तुझ्या लोकांसाठी तसं कर. बट आय डोन्ट नो माय लोक."

"मग कोणाला माहीत आहेत?"

"यू."

तिने माणसांना भरायला दिलेले कागद मला वाचून दाखवले. आठवड्यातून किती मिनिटं व्यायाम करता, असा प्रश्न होता. युनूसने लिहिलं होतं, तेलाच्या टाकीच्या शिडीवर दिवसात सात वेळा चढतो, सात वेळा उतरतो, उतरलो नसतो तर हा कागद भरला नसता. औषध नियमित घेता का, याच्यापुढे सगळ्यांनी लिहिलं होतं, होय.

मी तिला म्हटलं, "काय खातात ते विचारू नकोस. कुठे बसून खातात ते बघायला चल."

फुजैरा

फुजैरा दुबईपासून दीड तासावर, दुसऱ्या समुद्रावर. मध्ये डोंगर लागतात. डोंगर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे झाडं येतील. तिथे एक नाही. भट्टीतून काढलेल्या विटांचा ढीग कुणी फोडून टाकावा तसे ते डोंगर मैलोन्‌मैल उभे आहेत. त्यांच्यात मधूनच खजुरांची चार झाडं आणि एक बकरी दिसते, आणि त्या बकरीची दया येते.

पलीकडे उतरलं की समुद्र. समुद्र आपल्यासारखाच, पण वास डिझेलचा. क्षितिजापर्यंत जहाजं उभी असतात, तेल भरून घ्यायला थांबलेली. एवढी जहाजं एका जागी मी जन्मात पाहिली नव्हती. हलत नाहीत, बोलत नाहीत, लग्नाच्या पंगतीला ताटकळलेल्या माणसांसारखी उभी.

युनूस तिथे चोवीस वर्षं आहे. एका खोलीत आमच्या गावची पाच माणसं: युनूस, हमीद, क्रेन चालवणारा रफीक, आणि पाळ्यांवर पहारा करणारे दोघे सख्खे भाऊ. खोली म्हणजे एक हॉल, त्यात पाच पलंग, आणि मागे स्वयंपाकघर. तिथे गावागावाच्या अशा खोल्या आहेत. नवा मुलगा गावाहून आला की पत्ता शोधत नाही, आपल्या गावची खोली विचारतो. आमच्या खाडीच्या पलीकडच्या गावाची खोली त्याच गल्लीत होती. खाडीतल्या तरीच्या होडीवरून, मासेमारीवरून, क्रिकेटवरून आमच्या दोन गावांचं कधी पटलेलं नाही. समुद्र ओलांडून गेले तरी ते भांडण सोबत घेऊन गेले होते.

सनाच्या रेघांच्या ताटल्या मला तिथे दिसल्या. दोन पातेल्यांवर झाकण म्हणून, एक पलंगाच्या पायाखाली, पलंग डुगडुगत होता म्हणून.

"हे काय रे?" मी विचारलं.

"चाची, ताटल्या मजबूत आहेत," रफीक म्हणाला. "कार्यक्रमात हीच एक कामाची गोष्ट."

सना रडवेली झाली. मी तिला खाली बसवलं. "गप बघ," म्हटलं.

शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज पढून सगळे आले. हमीदने मधोमध थाळा आणून ठेवला. आमच्याकडे लग्नाकार्यात असतो तसाच, परातीएवढा. मटणाचा पुलाव, वरून तूप. पाचही जण भोवती बसले आणि त्या एका थाळ्यात पाच हात पडले. अशा ठिकाणी तू अर्धा भात खा असं एकाला कसं सांगणार? मोजणार कशाने? आणि एकाने आधी हात काढला तर बाकीच्यांना घास लागत नाही, रांधणाऱ्याचा अपमान होतो तो वेगळाच. युनूसने मध्येच हात थांबवला तर हमीद म्हणाला, "काय रे, मीठ जास्त झालं?" युनूस पुन्हा खायला लागला. जीव लावणारी माणसं अशी एकमेकांच्या भिडेने मरतात.

मग मी हमीदला स्वयंपाकघरात घेतलं. लहानपणापासून आम्हाला शिकवलेलं असतं, बिस्मिल्ला म्हणून आपल्या पुढ्यातलं खायचं, दुसऱ्याच्या पुढ्यात किंवा मध्ये हात घालायचा नाही. मी त्याला म्हटलं, थाळा तोच ठेव. कडेकडेने प्रत्येकाच्या पुढ्यात भाजी आणि मासा लाव. शेवग्याचा पाला लाव, कुळीथ लाव, सुरमई लाव, तळू नकोस, कालवण कर. भात मधोमध, एका वाडग्याएवढा. पुढ्यातलं संपल्याशिवाय मधे हात जायचा नाही. तोवर पोट भरलेलं असतं.

"चाची, हे पुस्तकात का नाही लिहिलं?" हमीद म्हणाला.

"पुस्तक लिहिणारा टेबलावर जेवतो."

हमीद हसला. कमी बोलणारा माणूस. साठीला आलेला, जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर काम करून गुडघे गेलेले. सहा महिन्यांनी कायमचा घरी यायचा होता. त्याची बायको रुकय्या माझ्या ओटीवर बसून दिवस मोजायची.

त्याच स्वयंपाकघरात मी तो डबा पाहिला. फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत गोळ्यांची पाकिटं. युनूसला दवाखान्यातून मिळालेल्या, हमीदने गावच्या डॉक्टरकडून आणलेल्या, रक्तदाबाच्या, गुडघ्याच्या, सगळ्या एकत्र. त्या खोलीत साबण एक, तेल एक, बाम एक, तशा गोळ्याही एका डब्यात. ज्याला बरं वाटत नसेल त्याने डबा उघडायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी स्वतः दहा वर्षं जावेच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेत आले आहे. सनाला ते सांगावं असं डोक्यातही आलं नाही. औषध घेता का, असं त्या कागदावर होतं. कुणाचं घेता, असं नव्हतं.

शर्यत

थाळा चालला. सना दर आठवड्याला येऊन बोट टोचायची, आकडे उतरत होते. तिच्या मॅडमने त्या थाळ्याचा फोटो मोठ्या पडद्यावर लावून साहेबांना दाखवला. मलाही बोलावलं. मी बुरखा इस्त्री करून गेले, कॉफी प्यायले, कडू होती.

चालण्याचं मात्र जमेना. काम नसताना रस्त्याने चालायचं हे आपल्या पुरुषाला पटत नाही. "कुठे चाललास, असं कुणी विचारलं तर काय सांगू?" युनूस म्हणाला. "कुठेच नाही, असं? येडा म्हणतील."

"मग रिवॉर्ड काय ठेवू?" सनाने सगळ्यांसमोर विचारलं.

रफीक पलंगावर लोळत होता. "खाडीपलीकडल्यांना हरवायला मिळत असेल तर मी गवत खाईन."

सगळे हसले. मी हसले नाही. मला वाटलं, हेच. आपल्या माणसाला स्वतःच्या जिवाची किंमत नसते, गावाच्या नावाची असते. मी सनाला म्हटलं, "खोलीखोलीची शर्यत लाव. एक महिना. ज्या खोलीतल्या माणसांची साखर सरासरीने सगळ्यांत खाली, ती जिंकली."

ती लगेच हो म्हणाली नाही, हे लिहिलं पाहिजे. ती म्हणाली, "दादी, आय अ‍ॅम नॉट शुअर. दे माइट चीट."

"चीट करून काय करतील? दुसऱ्याचं रक्त देतील?"

तिने मॅडमला विचारलं. मॅडमला फारच आवडलं. अगदी यांच्या संस्कृतीतून आलेली कल्पना, असं त्या म्हणाल्या म्हणे. चार खोल्या शर्यतीत उतरल्या. त्याच दिवशी मी आमच्या खोलीतली साखर काढायला लावली.

आणि माणसं चालायला लागली. पहाटे फजरच्या नमाजेनंतर समुद्राकाठच्या रस्त्यावर आमच्या खोलीची पाच माणसं एका रांगेत, पुढून खाडीपलीकडचे सहा. एकमेकांना सलाम करायचे आणि पोटाकडे बघायचे. मी एका सकाळी पाहायला गेले होते. इतका आनंद मला फार वर्षांनी झाला होता.

फोनवर टोमणे सुरू झाले. कुणाचा आकडा किती ते सगळ्या खोल्यांना कळायचं, तशीच योजना होती. हमीदचा आकडा सगळ्यांत वर. खाडीपलीकडल्यांनी बोलून पाठवलं, "तुमच्या हमीदचं बोट चहात बुडवलं तर वेगळी साखर लागणार नाही." रफीक म्हणायचा, "हमीदभाई, तुम्ही नसता तर आपण केव्हाच जिंकलो होतो." हमीद थाळा घासत राहायचा.

शेवटच्या तपासणीच्या दोन दिवस आधी मी स्वतः त्याला फोन केला. "हमीद, गावाचं नाव घालवू नकोस हां."

"नाही घालवणार चाची. इन्शाल्ला."

ती सकाळ

सनाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. रात्री नेहमीसारखं जेवा. सकाळी काही खाऊ नका, गोळीही घेऊ नका. आम्ही सातला येतो, आधी बोट टोचू, मग नाश्ता, मग गोळी.

आम्ही सातला पोचलो नाही. सिस्टरला घ्यायला उशीर झाला. मग डोंगरात रस्त्याकडेला बाजार लागतो, तिथे मी गाडी थांबवायला लावली. मला पाय मोकळे करायचे होते. केळी होती, मडकी होती, गालिचे होते. ओमानकडचा एक म्हातारा मध विकत होता, त्याने बोटावर चाखायला दिला. मी मडकी वाजवून बघत फिरले. सना दोनदा म्हणाली, "दादी, यल्ला, वी आर लेट." मी म्हटलं, "ती माणसं कुठे पळून जातात?" अर्धा तास तिथे गेला. आम्ही खोलीवर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते.

दारात घावनांचा वास आला. मी येणार म्हणून हमीद घावन करत होता. आत डोकावून मी सलाम केला. तो तव्यापुढे उभा होता, बनियन भिजलेलं. "चाची, बसा बाहेर. माझं बोट शेवटी टोचा," म्हणाला. जीभ जड वाटली. मला वाटलं, तोंडात पान आहे.

मग बाहेर युनूसचं बोट टोचलं, आणि पुढचं तुम्ही वाचलं.

साखर नाही म्हटल्यावर सना अनवाणी तीन जिने उतरून खालच्या दुकानात गेली. तोवर सिस्टर युनूसला कुशीवर वळवून धरून होती. त्याचे दात घट्ट बसले होते, हातपाय झटके देत होते. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. कपाळातून रक्त येत होतं, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. रफीक एकसारखं म्हणत होता, "पण आकडा तर चांगला आला होता. पण आकडा तर चांगला आला होता." सना साखरेची पिशवी घेऊन आली. सिस्टरने ओल्या बोटाने ती युनूसच्या गालाच्या आतून चोळली, पुन्हा चोळली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. त्याने डोळे उघडले आणि मला ओळखलं नाही. मग ओळखलं.

तेव्हा मला जळका वास आला. तो बराच वेळ येत असणार.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तव्यावर घावन कोळसा झालं होतं. हमीद दारामागे तांदळाच्या पिंपाला टेकून बसला होता, पाय पसरून, मान खांद्यावर. रफीक साखर शोधायला आला तेव्हा तो तिथेच होता. दार उघडलं की माणूस त्याच्यामागे झाकला जातो. मी गॅस बंद केला, मग त्याला हात लावला. या क्रमाने. अंग थंड, घामाने चिकट. श्वास चालू होता. हाक मारली, हलवलं, सिस्टरने साखर चोळली, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत चोळत राहिली. त्याने डोळे उघडले नाहीत.

मग रफीकने सांगितलं. रात्री कुणीच जेवलं नव्हतं, आकडा खाली यावा म्हणून. पहाटे समुद्राकाठी दोन फेऱ्या मारल्या. सातला आम्ही आलो नाही म्हणून तिसरी मारली. डबा रात्रीच उघडला होता. साखर उतरवायच्या गोळ्या युनूसने दोन घेतल्या. हमीदने चार, दोन रात्री, दोन सकाळी. त्या हमीदच्या नव्हत्याच, युनूसच्या पाकिटातल्या होत्या. "हमीदभाई म्हणाले, माझा आकडा वर आहे, मला जास्त लागतील."

इस्पितळ

इस्पितळ स्वच्छ, थंड, आणि तिथे कुणी रडत नाही. आपल्याकडे माणूस आजारी पडला की अर्धं गाव व्हरांड्यात बसतं. तिथे दोन माणसांना बसू देतात, तेही बोलले तर बाहेर काढतात.

दुपारपर्यंत युनूस उशीला टेकून बसला. कपाळाला टाके. मला बघून त्याने पहिलं विचारलं ते हे, "मा, आपल्या खोलीचा आकडा किती आला?"

मी त्याच्या थोबाडीत मारली. बावन्न वर्षांच्या माणसाला, मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, डॉक्टरसमोर.

डॉक्टर हमीदबद्दल सनाशी बोलला, सनाने मला सांगितलं. त्याच्या मेंदूला फार वेळ साखर मिळाली नव्हती. मूत्रपिंडं आधीच गेलेली होती, त्यामुळे गोळी शरीरातून बाहेर पडत नव्हती. किती दिवसांपासून त्रास होता, असं डॉक्टरने विचारलं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या पलंगाखाली गावच्या डॉक्टरचे कागद सापडले, त्यांत सगळं लिहिलं होतं. खोलीत एकच बाम वापरणाऱ्या माणसाने हे मात्र कुणाला वाटून दिलं नव्हतं. घरी यायला थोडेच महिने राहिले होते, तेवढे कसे तरी ढकलायचे होते.

रुकय्याला फोन मीच केला. दुसऱ्या कुणी करण्यात अर्थ नव्हता. ती ओरडली नाही. तिने विचारलं, "चाची, तुम्ही तिथे होतात ना?"

"होते."

"मग ते पडले तेव्हा तुम्ही त्यांच्याजवळ होतात."

"नाही," मी सांगितलं. "मी युनूसजवळ होते."

 ती म्हणाली, "तुमचा मुलगा आहे तो," आणि फोन ठेवला. त्यानंतर ती माझ्या ओटीवर बसलेली नाही.

सनाच्या दवाखान्यात बैठका झाल्या. मॅडमने अहवाल लिहिला, त्यात शर्यतीला प्रायोगिक टप्पा म्हटलं होतं आणि हमीदला एक सहभागी. सनाने मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "दे आर कॉलिंग इट अ लर्निंग." मी म्हटलं, त्यात लिही की कल्पना म्हातारीची होती, डबा म्हातारीने पाहिला होता, आणि रस्त्यात गाडी म्हातारीने थांबवली. ती म्हणाली, तसं लिहायला त्यात जागा नसते. दुसऱ्या दिवशी तिने एकटीने चारही खोल्या पालथ्या घातल्या. चारही खोल्यांत तसाच डबा निघाला. तिच्या नव्या कागदावर आता पहिला प्रश्न आहे, तुम्ही कुणाच्या गोळ्या घेता. कार्यक्रम चालू आहे. थाळाही चालू आहे, त्याने आकडे उतरतात, हेही खरं आहे.

शर्यत खाडीपलीकडल्यांनी जिंकली. त्यांनी बक्षीस घेतलं नाही. इस्पितळात हमीदसाठी रोज डबा घेऊन तेच यायचे, तो खाऊ शकत नाही हे माहीत असून. तो डबा आमची माणसं व्हरांड्यात खायची.

हमीद पाच दिवस तसाच होता. सहाव्या दिवशी, जुम्म्याच्या अजानीआधी, तो गेला. रुकय्याने त्याला गावी आणा म्हणून सांगितलं. मी ज्या विमानाने परत आले त्याच विमानात तो खाली होता. वरती मला जेवणाचा डबा दिला, त्यात भात होता. मी तो खाल्ला, भूक लागली होती.

त्या सकाळी खोलीत आमच्या गावची पाच माणसं होती. रफीक आहे. ते दोघे भाऊ आहेत. माझा युनूस आहे. हमीद नाही.